जांभळाखालच्या जीपचं इंजिन

जीपला भाव मिळाला तो किलोवर. मे महिन्यातली गोष्ट. राजूरला आमच्या घरामागे जांभळाच्या झाडाखाली आजोबांची जीप उभी आहे. म्हणजे मला कळायला लागल्यापासून ती उभीच आहे. टपावर पाचोळा, सीटच्या स्प्रिंगांत कोंबडीची अंडी, आणि बॉनेट उघडलं की पालींची आख्खी वस्ती. भंगारवाला आला, चारही बाजूंनी फिरला, पायानं एकदा टायर ढोसला आणि म्हणाला, "लोखंडाचाच भाव बसंल." नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, लगेच तयार. पावसाळ्याआधी पडवीवर नवे पत्रे टाकायचे होते, आणि जीपच्या पैशात ते बसत होते.

मी आणि माझी चुलतबहीण दोघंही तेव्हा सुट्टीत घरी. ताई संगमनेरला मेकॅनिकलचा डिप्लोमा करते, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही काहीही विचार न करता बोलून गेलो, "इंजिन आम्ही चालू करतो." नाना हसले. आज्जी मात्र हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "दिवाळीपर्यंत ठिव रं. पोरं म्हणत्यात तर करू दे." असा सौदा ठरला. दिवाळीपर्यंत इंजिन सुरू झालं तर जीप राहील, नाही तर भंगारात. आणि पत्र्यांचे पैसे नानांनी पतसंस्थेतून उचलले, हे आम्हाला नंतर कळलं. त्यामुळे गंमत म्हणून घेतलेलं काम एकदम अंगावर आलं.

आमचं बजेट पंचवीस हजार. ताईची स्कॉलरशिप, माझे उन्हाळ्यात भंडारदऱ्याला पर्यटकांच्या तंबूंवर काम करून मिळालेले पैसे आणि आज्जीनं डब्यातून काढून दिलेले पाच हजार.

आता ही जीप म्हणजे नक्की काय, ते आधी सांगतो, कारण आम्हालाही ते माहीत नव्हतं. महिंद्र कंपनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघाली आणि त्यानंतर काही वर्षांतच मुंबईत माझगावला अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग जोडायला लागली. पुढे त्यांनी जी गाडी वर्षानुवर्षं बनवली ती सीजे थ्री बी. तिचं बॉनेट युद्धातल्या जुन्या जीपपेक्षा उंच दिसतं, कारण आतलं 'हरिकेन' इंजिन उंच आहे. चार सिलिंडर, २,१९९ सीसी, पेट्रोल. साध्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह एकाच बाजूला असतात, इथे मात्र हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. म्हणून याला एफ-हेड म्हणतात. ही रचना लक्षात ठेवा, पुढे तिनं आम्हाला रडवलंय.

आजोबांनी ही जीप एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. आरसी बुकात साल १९६८. गावोगावच्या बहुतेक पेट्रोल जीपांचं पुढे एकच झालं, पेट्रोल परवडेना म्हणून मूळ इंजिन काढून डिझेल बसवलं गेलं. आजोबांनी तेवढं केलं नाही. घाटघर-रतनवाडीकडच्या पाड्यांवरून पावसात बाळंतिणी आणायला हीच जीप जायची, असं आज्जी सांगते. नंतर एका पावसाळ्यात इंजिन जाम झालं ते झालंच.

मोडलेलं आणि जाम यात फरक आहे, हा आमचा पहिला धडा. कार्बुरेटरवरचं एअर फिल्टर कुणीतरी काढून नेलं होतं. तिथून पाणी आत शिरलं आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटल्या. यूट्यूबवर एक महाशय स्टार्टर मारूनच इंजिन सोडवतात. तसलं काही करू नका. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ओतलं आणि आठ दिवस तसंच सोडलं. रोज सकाळी पुन्हा थोडं ओतायचं. जुन्या जीपला पुढून हँडल मारता येतं, ते हँडल आज्जीनं चुलीच्या मागून काढून दिलं (ती त्यानं निखारे सारायची). नवव्या दिवशी हँडल इंचभर हललं. मग उलटं इंचभर. मग पुन्हा सुलटं. संध्याकाळपर्यंत क्रँक पूर्ण फिरला आणि चारही भोकांतून चहासारखं लाल पाणी उडालं. त्या दिवशी आम्ही राजूरचे पेढे वाटले. जरा घाईच झाली.

इंजिन उतरवायला तीन लोखंडी पाइपांची तिपाई आणि भाड्याची चेन पुली. एवढं दीडदोन क्विंटलचं धूड जांभळाच्या फांदीला टांगायचा मोह होतो, पण जांभळाची फांदी न सांगता मोडते. खोलण्याच्या कामाला हत्यारांपेक्षा खोकी जास्त लागतात. अंड्यांचे ट्रे, बिस्किटांचे पुठ्ठे, दह्याचे रिकामे डबे. प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि खोलण्याआधी मोबाइलवर फोटो. पुशरॉडसाठी पुठ्ठ्याला भोकं पाडून १ ते ४ आकडे टाकले. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर ताईनं सेंटर पंचनं ठिपके मारले, एक, दोन, तीन, चार. या टोप्या एकमेकींत बदलल्या तर बेअरिंगचं भोक गोल राहत नाही. बदललेली टोपी वरून ओळखताही येत नाही, इंजिन तापल्यावरच कळतं.

मग हेड. सगळे बोल्ट काढले, हेड हलेना. मी छिन्नी घेतली. हेड आणि ब्लॉकच्या मधल्या फटीत धरून चार ठोके घातले, आणि पाचव्याला ब्लॉकच्या कडेचा एक टवका उडाला. ताईनं माझ्या हातातून हातोडा काढून घेतला, तो आजतागायत परत दिलेला नाही. शेवटी गावातले एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी आयुष्यभर जीपाच केल्या. त्यांनी काहीच विचारलं नाही, फक्त कार्बुरेटर काढून बाजूला ठेवला. खाली भोकात, हवा जायच्या वाटेत, एक बोल्ट बसलेला. या इंजिनात हवा आत नेणारी वाट हेडमध्येच ओतलेली असते आणि एक हेड बोल्ट तिच्या आत लपलेला असतो. "हा समद्यांना फसवतो," मिस्त्री म्हणाले. "मला पण फसवला व्हता, एकाहत्तर साली."

टवका नशिबानं गॅस्केट बसते त्या जागेच्या बाहेर होता.

बजेट खरं ठरतं ते मोजमापावर. सिलिंडरच्या वरच्या टोकाला नखानं चाचपलं तर एक कड लागते. रिंगा त्या कडेच्या खाली घासून घासून धातू खातात, कडेच्या वर पोचत नाहीत. झीज सगळ्यात जास्त तिथेच, वर, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. सिलिंडर गोल राहत नाही, अंडाकृती होतो. ताईनं बोअर गेज आणि मायक्रोमीटर दोन दिवसांसाठी उसनं आणलं. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं. चार सिलिंडरची चोवीस मापं, तीही दोनदा. मी वहीत लिहीत होतो आणि मनातल्या मनात भागाकार करत होतो. झीज आठ-नऊ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपमध्ये सगळे हाच शब्द वापरतात. शिवाय गंजानं दोन सिलिंडरांत खड्डे.

पिस्टनच्या डोक्यावरची काजळी खरवडली तर खाली ०२० असा शिक्का. म्हणजे हे इंजिन आधी एकदा बोअर झालेलं, वीस थाऊ मोठं. आता पुढचं माप तीस किंवा चाळीस. तीसमध्ये झीज जेमतेम निघाली असती, खड्डे राहिले असते. चाळीस घ्यावं लागणार. आणि चाळीसच्या पुढे पिस्टन मिळत नाहीत, मग ब्लॉकमध्ये लायनर ठोकायचं, म्हणजे आमच्या बजेटचं विसर्जन. थोडक्यात हा ब्लॉक शेवटचा बोअर होणार होता. चुकलं तर पुन्हा संधी नाही.

मी म्हणालो, लगेच ब्लॉक नेऊ आणि बोअर करून आणू. मिस्त्री म्हणाले, "आधी पिस्टन आण." हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. पाकिटावर चाळीस छापलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टनचं खरं माप थोडं वेगळं असतं. बोअर करणारा माणूस हातात पिस्टन घेऊन, तो मोजून, त्यापेक्षा ठरलेली फट ठेवून सिलिंडर कापतो. आधी कापून मग पिस्टन शोधणारे खूप आहेत, आणि त्यांची इंजिनं तेल पितात.

पिस्टन शोधायला पुण्यात नाना पेठ पालथी घातली. हे ज्यांना जुन्या गाड्यांचं वेड लावून घ्यायचंय त्यांच्यासाठी खास: नाना पेठेत नवं मिळतं, जुनं-काढलेलं हवं असेल तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. दुकानदाराला "जीपचं पिस्टन" म्हणून चालत नाही. "हरिकेन, पेट्रोल, चाळीस" असं म्हणालात तर तो पोटमाळ्यावर चढतो. आमचा सेट रिंगांसह साडेसात हजाराला मिळाला. माझ्या वहीतला हा सगळ्यात मोठा आकडा. बोअरिंगचे चोवीसशे, क्रँक ग्राइंडिंगचे बावीसशे, बेअरिंग बेचाळीसशे. गॅस्केट चौदाशेची, आणि कार्बुरेटर किट, प्लग, पॉइंट मिळून तेवीसशे. हे आमचे आकडे, तुमच्या गावात वेगळे निघतील. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: मशीनच्या कामात पैसे वाचवायचे नाहीत, मजुरीत वाचवायचे. धुणं, घासणं, खरवडणं, व्हॉल्व्ह घोटणं हे सगळं हातानं होतं आणि त्याला फक्त वेळ लागतो.

वेळ मात्र जुलैत संपत आला. तुम्ही राजूरकडचा पाऊस पाहिला नसेल तर सांगतो, आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, फक्त जुने होतात. बोअर झालेला ब्लॉक संगमनेरहून टेम्पोत आणला. बोअरिंगनंतर सिलिंडरमध्ये बारीक कण चिकटून राहतात, ते डिझेलनं पूर्ण निघत नाहीत, गरम पाणी आणि साबणच लागतो. ते आम्ही नीट केलं. नंतर फडक्यानं पुसलं आणि जेवायला बसलो. पिठलं-भाकरी, वीस मिनिटं. परत आलो तर चारही आरशासारख्या सिलिंडरांवर नारिंगी साय. गंज! वीस मिनिटांत! ताई काही बोलली नाही, जिन्यावर जाऊन बसली. मिस्त्रींनी ती साय तेलात बुडवलेल्या फडक्यानं पुसून काढली. गंज वरवरचाच होता, पण तेव्हापासून आमचा नियम ठरला, पाण्यातून काढलेली वस्तू आधी तेलात, मग माणूस जेवणात.

ऑगस्टमध्ये सगळं गाव नानांना विचारायला लागलं, काय, पोरांची जीप झाली का? नाना म्हणायचे, "हां, विमान करत्यात." त्याच दिवसांत त्यांनीच कुठूनतरी सांगलीकडच्या दत्तात्रय लोहारांचा व्हिडिओ मोबाइलवर पाहिला. देवराष्ट्रे गावच्या या माणसानं भंगारातून साठ हजारांत छोटी चारचाकी बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी ती पाहून ट्वीट केलं आणि त्या बदल्यात बोलेरो देऊ केली, जानेवारीत दिलीही. नानांचं म्हणणं, "तसलं काही तरी करा की, बोलेरो तरी मिळंल." मी त्यांना त्या ट्वीटचा दुसरा अर्धा भाग वाचून दाखवला. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या स्थानिक अधिकारी ती थांबवतील, असंही महिंद्र यांनी त्यात लिहिलं होतं. लोहारांबद्दल मला प्रचंड आदर आहे. त्यांनी नसलेली गाडी उभी केली. आमचं काम त्यामानानं सोपं, आमची गाडी होती, आणि तिची पुस्तकं छापलेली होती. जुन्या जीपचं सर्व्हिस मॅन्युअल शोधल्यावर मिळतं. ते मिळवा. व्हिडिओपेक्षा ते दहापट कामाचं.

जुळणीतला सगळ्यात शांत भाग म्हणजे रिंगा. रिंग नुसती सिलिंडरमध्ये टाकायची, पिस्टननं ढकलून सरळ करायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजायची. ढोबळ हिशेब असा, सिलिंडरच्या दर इंच व्यासाला तीन ते चार थाऊ. आमचा व्यास सव्वातीन इंचांच्या आत, म्हणजे दहा-बारा थाऊ. फट कमी असली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते, जास्त असली तर दाब गळतो. चार पिस्टन, एका रात्रीत एक. बाहेर पाऊस, आत बल्ब, आज्जी पायरीवर शेंगा सोलत. रिंगा दाबून धरायला जे हत्यार लागतं ते पत्र्याची पट्टी आणि गॅसच्या नळीचा क्लॅम्प वापरून बनवलं. टॉर्क रेंच मात्र उसना आणला. 'हातानं कळतं' म्हणणारे मिस्त्री असतात, आणि आमच्या मिस्त्रींना खरंच कळत होतं, पण आमचे हात पहिल्यांदाच लागत होते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असल्यानं त्यांचे टॅपेट बाजूची झाकणं काढून, मान वाकडी करून बसवावे लागतात. तीन संध्याकाळी मानेला मलम.

आता कागदपत्रांबद्दल, कारण तुमच्यापैकी अर्धे इथेच अडकणार आहेत. 'विंटेज' शब्द आपण कशालाही लावतो. जुन्या गाड्यांचे शौकीन तो साधारण १९३० च्या आधीच्या गाड्यांसाठीच राखून ठेवतात आणि आमच्या जीपला तोंडावर 'क्लासिक' म्हणतील. पण केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये नियम केले त्यात व्याख्या सोपी आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' अक्षरं. मात्र अशी गाडी रोज कॉलेजला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच. आजोबांनी मूळ पेट्रोल इंजिन काढलं नाही, हा त्यांचा कंजूषपणा होता की हट्ट माहीत नाही, पण त्यामुळेच आमची जीप 'मूळ रूपात' आहे. दुसरा मार्ग साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा, तोही पाच-पाच वर्षांनी तपासणी करून. आरसी अजून आजोबांच्या नावावर आहे. वारसांच्या सह्या, मृत्यूचा दाखला, ते सगळं सुरू आहे.

आणि पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. १९६८ च्या रबराला ते चालत नाही. पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बुरेटरची वॉशर, नळ्या, सगळं नव्या रबराचं घालावं लागलं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे आमच्या हवेत तर बघायलाच नको. टाकीत पेट्रोल ठेवून महिनाभर गाडी झाकून ठेवायची नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी इंजिन लाकडी ठोकळ्यांवर बांधून अंगणात ठेवलं. आधी प्लग न लावता हँडलनं फिरवत राहिलो, तेलाच्या प्रेशरचा काटा हलेपर्यंत. कोरड्या बेअरिंगवर पहिला भडका उडाला तर पाच महिन्यांचं काम पाच सेकंदांत जातं. काटा हलला. प्लग लावले, बॅटरी जोडली, नाना ओसरीवर हाताची घडी घालून. मी हँडल मारलं आणि कार्बुरेटरमधून हातभर ज्वाळ बाहेर आली.

ताईनं ओलं पोतं टाकलं. ते आम्ही तयार ठेवलं होतं, तुम्हीही ठेवा. माझ्या एका भुवईचे केस गेले. चूक काय, तर डेल्को उलटा बसवला होता. पहिला आणि चौथा पिस्टन एकत्रच वर येतात. पण एकाचा दाब पूर्ण झालेला असतो तेव्हा दुसरा धूर सोडून झालेला असतो. आम्ही चौथ्याच्या वेळेला पहिल्याची ठिणगी लावली होती. मिस्त्रींनी डेल्को उचलला, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला. एक-तीन-चार-दोन, वायरी पुन्हा तपासल्या.

तिसऱ्या हँडलला ते सुरू झालं. आवाज खूप मोठा, कारण सायलेन्सर नव्हताच. निळा धूर, मग पांढरा, मग जवळजवळ काहीच नाही. शेजारची कुत्री भुंकत, आज्जी पदर तोंडाला लावून उभी. साधारण दोन मिनिटांनी ताईनं बंद केलं, पहिल्यांदा जास्त चालवायचं नसतं. नाना खाली उतरले, इंजिनाभोवती फिरले, भंगारवाला फिरला होता तसेच. मग वाकले आणि मागच्या बाजूला बोट लावून म्हणाले, "इथून तेल गळतंय."

गळतंय खरं. क्रँकच्या मागचं सील, या इंजिनाची जुनी खोड. हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्क केले आणि पहिल्या काही तासांनंतरचं तेल बदललं. वहीतला एकूण खर्च अठ्ठावीस हजार, म्हणजे बजेटच्या वर तीन हजार. ते नानांनी दिले आणि आज्जीला सांगू नका म्हणाले. इंजिन आता जीपमध्ये बसलंय, पण जीप जांभळाखालीच आहे, कारण ब्रेकचे चारही सिलिंडर सडलेत. ते खोलायला गेल्या रविवारी नाना आमच्या आधी उठले होते.